इंग्रजीच्या ब्लेंडेड कोर्ससाठी मूडल: क्विझच्या पलीकडे खरं काम

विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्याची अडचण साध्या हिशेबात मांडता येते. वर्गात ६० विद्यार्थी, तास ५० मिनिटांचा. शिक्षक एक शब्दही बोलला नाही आणि सगळा वेळ मुलांनाच वाटून दिला, तरी एकेकाच्या वाट्याला ५० सेकंद येतात. बोलल्या-लिहिल्याशिवाय भाषा येत नाही, आणि बोलायला-लिहायला वर्गात वेळच नाही. वर्गाला ऑनलाइन भाग जोडायचा (ब्लेंडेड कोर्स तो हाच), तो हा वेळ मिळवण्यासाठी. म्हणून मूडलचं, म्हणजे कोर्स ऑनलाइन चालवण्याच्या सॉफ्टवेअरचं, हे परीक्षण एकाच कसोटीवर केलं आहे: त्याच्यामुळे विद्यार्थ्याच्या तोंडून आणि हातून आठवड्याला किती इंग्रजी बाहेर पडतं, आणि त्यावर त्याला माणसाकडून किती लवकर उत्तर मिळतं?

मूडलची पहिली आवृत्ती २००२ साली मार्टिन डुगियामस यांनी काढली. सोर्स कोड खुला आहे. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली ते कोणीही उतरवून आपल्या सर्व्हरवर चालवू शकतं. अर्थात सर्व्हर, बॅकअप, अपडेट आणि हे सगळं सांभाळणारा माणूस यांचा खर्च सुटत नाही. अनेक विद्यापीठांत ते आधीपासूनच बसवलेलं असतं, पण पीपीटी आणि पीडीएफ ठेवायचं कपाट म्हणूनच वापरलं जातं.

ब्लेंडेड शिक्षणाच्या बाजूने बोलताना अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या २०१०च्या अहवालाचा दाखला नेहमी दिला जातो. अनेक अभ्यास एकत्र तपासून, ऑनलाइन आणि प्रत्यक्ष वर्ग यांची सांगड नुसत्या वर्गापेक्षा सरस ठरते, असा निष्कर्ष त्यात काढला होता. त्याच अहवालातला इशारा मात्र सहसा कोणी सांगत नाही. अशा कोर्सेसमध्ये मुलांना बरेचदा जास्त वेळ आणि जास्त साहित्यही मिळालं होतं, त्यामुळे सगळं श्रेय माध्यमाला देता येत नाही. इंग्रजीच्या शिक्षकासाठी हा इशारा निष्कर्षाहून मोलाचा आहे. व्याख्यानाचा व्हिडिओ करून टाकला तर मुलं पूर्वी वर्गात गप्प बसून ऐकायची ती आता घरी गप्प बसून ऐकतील. सरावाचा वेळ वाढला तरच फरक पडेल.

क्विझ: सगळ्यात जास्त मेहनत, मर्यादित फळ

मूडलवर पाऊल टाकणारा प्रत्येक शिक्षक आधी क्विझकडे वळतो, आणि मूडलचं क्विझ खरंच ताकदीचं आहे. प्रश्नांची बँक करता येते, तिच्यातून प्रत्येकाला वेगळे प्रश्न देता येतात, एकाच उताऱ्यात अनेक रिकाम्या जागा ठेवता येतात. पण इंग्रजीसाठी वापरताना तीन ठिकाणी ते हमखास दगा देतं.

पहिलं ठिकाण अ‍ॅपॉस्ट्रॉफीचं. 'शॉर्ट आन्सर' प्रकारात विद्यार्थ्याने 'डोन्ट' टाइप करायचं आहे. शिक्षकाने संगणकावरून उत्तर भरताना सरळ अ‍ॅपॉस्ट्रॉफी टाकली. विद्यार्थी आयफोनवर टाइप करतो. तिथे स्मार्ट पंक्चुएशन चालू असेल तर तीच खूण आपोआप वाकडी होते. माणसाच्या डोळ्याला दोन्ही सारख्याच, मूडलला त्या दोन वेगळ्या खुणा. उत्तर चूक ठरतं आणि विद्यार्थी आपलं व्याकरण चुकलं असं समजून बरोबर असलेलं बदलायला लागतो. शेवटी दिलेल्या पूर्णविरामाचंही असंच होतं. उपाय एकच: दोन्ही खुणांची आणि पूर्णविरामासकटची उत्तरं वेगवेगळी भरून प्रत्येकाला १०० टक्के द्यायचे. क्विझ झाल्यावर निकालातल्या 'रिस्पॉन्सेस' अहवालात चूक ठरलेली उत्तरं एकदा डोळ्यांखालून घालायची, राहिलेलं बरोबर उत्तर प्रश्नात भरायचं आणि 'रीग्रेड' दाबायचं. सगळ्यांचे गुण आपोआप सुधारतात.

दुसरं ठिकाण तारांकनाचं. उत्तरात तारा टाकला की त्या जागी काहीही चालतं. टायपिंगच्या बारीक चुका माफ व्हाव्यात म्हणून शिक्षक 'गो' लिहून पुढे तारा टाकतो, आणि 'गोज', 'गोइंग', 'गॉन' तिन्ही बरोबर ठरतात. जे तपासायचं होतं तेच सुटून जातं. क्रियापदाच्या रूपांसाठी तारा वापरूच नये.

तिसरं ठिकाण सरावाच्या क्विझमध्ये लपलेलं आहे. 'इंटरअ‍ॅक्टिव्ह विथ मल्टिपल ट्राइज' ही पद्धत सरावासाठी उत्तम: चुकलं की सूचना दिसते, पुन्हा प्रयत्न करता येतो. पण प्रयत्न किती मिळतील हे सूचनांच्या संख्येवर ठरतं. दोन सूचना लिहिल्या तर तीन प्रयत्न. एकही लिहिली नाही तर एकच प्रयत्न, आणि मग ही पद्धत निवडून उपयोग काय? सूचना लिहिणं हेच खरं शिकवणं. 'चूक, पुन्हा बघा' ही सूचना नव्हे. 'वाक्यात सिन्स आलं आहे, काम अजून चालू आहे का?' ही पहिली सूचना, 'कर्ता एकवचनी आहे, मग हॅव की हॅज?' ही दुसरी. प्रत्येक चुकीमागे एक तृतीयांश गुण कापण्याची मूळ सेटिंग सरावात शून्य करावी. नाहीतर मुलं विचार करायचं सोडून गुण राखायला शेजारच्याला विचारतात.

एवढं सगळं नीट केलं तरी क्विझमधून कळतं ते विद्यार्थ्याला योग्य रूप ओळखता येतं की नाही एवढंच. क्विझमध्ये आर्टिकल बरोबर निवडणारा विद्यार्थी स्वतःचा परिच्छेद लिहिताना ते गाळतो. मराठीत आर्टिकलच नसल्यामुळे ते राहिलं आहे हे त्याच्या कानाला खटकतही नाही. म्हणून आठवड्याला १० प्रश्न, १५ मिनिटं, एवढ्यावर क्विझ थांबवावं. उरलेली शक्ती पुढच्या तीन गोष्टींवर लावावी.

आवाज: मूडलमधली सगळ्यात दुर्लक्षित कळ

मूडलच्या लेखनपेटीतच माइकचं बटण असतं. असाइनमेंटमध्ये 'ऑनलाइन टेक्स्ट' चालू केलं की विद्यार्थी त्याच चौकटीत रेकॉर्ड करून जमा करू शकतो. वेगळं अ‍ॅप नको, फाइल पाठवण्याचा घोळ नको. इंग्रजी बोलण्यासाठी मूडलने दिलेली ही सगळ्यात मोठी सोय, आणि अनेकांना ती आहे हेच माहीत नसतं. मूळ मर्यादा दोन मिनिटांची असते. ती अ‍ॅडमिनला वाढवता येते, पण वाढवायची गरज नाही. शिकाऊ माणसाचं दोन मिनिटं सलग बोलणं पुष्कळ झालं. बटण चालत नसेल तर आधी साइटचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होतो का ते बघावं. तो नसेल तर ब्राउझर माइकला हात लावू देत नाही. पत्ता ठीक असेल तर विद्यार्थ्याने परवानगीच्या चौकटीत चुकून 'ब्लॉक' दाबलेलं असतं.

जागेचा हिशेब आधी करून अ‍ॅडमिनला सांगावा. १२८ केबीपीएस बिटरेटवर (सेकंदाला साठणारा डेटा) ९० सेकंदांचं रेकॉर्डिंग साधारण १.४ एमबीचं होतं. ६० विद्यार्थ्यांचं आठवड्याला सुमारे ८६ एमबी. १५ आठवड्यांत सव्वा जीबीच्या वर. बिटरेट ६४ केला तर जागा निम्मी लागते आणि बोलणं तितकंच स्पष्ट ऐकू येतं.

आता खरा प्रश्न. मुलं बोलत नाहीत, वाचून दाखवतात. कानावर ते लगेच ओळखू येतं: श्वास स्वल्पविरामावरच घेतला जातो, कुठे अडखळून वाक्य नव्याने सुरू होत नाही, आणि एरवी 'व्हेरी गुड'च्या पुढे न जाणारा मुलगा एकदम छापील इंग्रजी बोलू लागतो. रागावून उपयोग नाही. कामच असं द्यावं की वाचायला काही नसेल. एक आलेख किंवा दोन छायाचित्रं द्यावीत, फक्त पाच सुट्या शब्दांचं टिपण चालेल असं सांगावं, आणि त्या टिपणाचा फोटो रेकॉर्डिंगसोबत मागावा. मग पुढच्या तासाला त्याच रेकॉर्डिंगमधल्या एका मुद्द्यावर उभं करून एक प्रश्न विचारावा. प्रश्न येणार हे कळलं की वाचून दाखवण्यात अर्थ उरत नाही.

ओघ वाढवायला एक जुनी, भरवशाची रीत आहे: तीच गोष्ट तीन वेगळ्या श्रोत्यांना, आधी ४ मिनिटांत, मग ३, मग २ मिनिटांत सांगायची. दर खेपेला मजकूर तोच, त्यामुळे डोकं शब्द शोधण्यातून मोकळं होतं आणि वेग येतो. ब्लेंडेड कोर्समध्ये ४ आणि ३ मिनिटांच्या फेऱ्या वर्गात जोड्या बदलून घ्याव्यात आणि २ मिनिटांची फेरी घरी मूडलवर रेकॉर्ड करायला लावावी. मूडलची मर्यादा इथे नेमकी जुळून येते.

तपासणीत शिक्षक बुडतात तेही इथेच. ९० सेकंदांची ६० रेकॉर्डिंग नुसती ऐकायलाच दीड तास जातो. सगळी तपासायचा अट्टहास धरला की तिसऱ्या आठवड्यात उपक्रम बंद पडतो. आठवड्याला १५ विद्यार्थी नीट तपासावेत, म्हणजे चार आठवड्यांत प्रत्येकाची पाळी येते. बाकीच्यांना काम जमा केल्याचे गुण द्यावेत. अभिप्रायही बोलूनच द्यावा, कारण शेऱ्याच्या चौकटीतही तेच माइकचं बटण आहे. चाळीस सेकंद पुरतात: म्हणणं कुठपर्यंत पोचलं ते आधी, मग भाषेची एकच गोष्ट. पाच चुका सांगितल्या तर एकही सुधारत नाही.

फोरम आणि एक अर्ध्या तासाची गंमत

साधा फोरम इंग्रजीच्या कोर्समध्ये पटकन मरतो. पहिला विद्यार्थी चार वाक्यं लिहितो, पुढचे ५९ जण तीच चार वाक्यं शब्द फिरवून लिहितात. 'क्यू अँड ए' प्रकारचा फोरम निवडला तर हे टळतं. त्यात स्वतः लिहिल्याशिवाय इतरांचं दिसत नाही. ऐकलेल्या उताऱ्याचा १२० शब्दांत सारांश लिहायला हा प्रकार फार चांगला. शब्दसंख्या दाखवण्याची सोय चालू करावी, म्हणजे मोजणीचे वाद होत नाहीत.

एक खाचखळगा मात्र आधीच सांगून ठेवावा. पोस्ट टाकली की लगेच इतरांची उत्तरं उघडत नाहीत. दुरुस्तीसाठी दिलेला वेळ संपावा लागतो, आणि तो मूळ सेटिंगमध्ये ३० मिनिटांचा असतो. हे माहीत नसलेले विद्यार्थी 'फोरम बिघडला' म्हणून मेल पाठवत बसतात. वर्गात बसून लगेच एकमेकांचं वाचायचं असेल तर हा प्रकार कामाचा नाही. पोस्टची मुदत आणि प्रतिसादाची मुदत यांत दोन दिवस ठेवावेत. आणि सबस्क्रिप्शन (पोस्टच्या मेल मिळणं) 'फोर्स्ड', म्हणजे सक्तीचं, ठेवू नये. ६० जणांच्या वर्गात प्रत्येकाच्या मेलपेटीत ५९ पोस्ट पडल्या की मूडलच्या सगळ्याच मेल न वाचता उडवल्या जातात, परीक्षेच्या सूचनेसकट.

वर्कशॉप: निबंधासाठी, पण पेशन्स हवा

एकमेकांचं लेखन तपासायला मूडलमध्ये 'वर्कशॉप' आहे. लेखन शिकवण्यासाठी याच्या तोडीचं दुसरं काही मूडलमध्ये नाही, आणि याच्याइतकं किचकटही नाही. त्याचे पाच टप्पे असतात: मांडणी, लेखन जमा करणं, तपासणं, गुणांचा हिशेब आणि समाप्ती. टप्पा शिक्षकाने पुढे सरकवला नाही तर सगळे खोळंबतात. म्हणून जमा करण्याची मुदत संपताच तपासणीच्या टप्प्यावर आपोआप जाण्याची खूण टिक करावी, आणि कोणाचा निबंध कोण तपासणार याचं वाटपही 'शेड्यूल्ड' (ठरल्या वेळी आपोआप) ठेवावं. मुदतीआधी हाताने वाटप केलं तर उशिरा देणाऱ्यांचे निबंध कुणाच्याच वाट्याला जात नाहीत.

गुण दोन प्रकारचे मिळतात: लिहिल्याचे ८० आणि तपासल्याचे २०, अशी मूळ विभागणी आहे. तपासल्याचे गुण कसे ठरतात ते समजून घ्यायला हवं. एका निबंधाला तीन जणांनी दिलेल्या गुणांची सरासरी काढून, तिच्या जवळ कोण आहे ते मूडल पाहतं. तिघांनी मैत्रीखातर पैकीच्या पैकी दिले तर तिघेही 'उत्तम परीक्षक' ठरतात. यावर दोन इलाज आहेत. शिक्षकाने स्वतः तपासलेले दोन नमुना निबंध आधी सगळ्यांकडून तपासून घ्यावेत, एक चांगला आणि एक फसलेला. आणि काही निबंध शिक्षकानेही तपासून आपल्या तपासणीला जास्त वजन द्यावं, म्हणजे सरासरी जमिनीवर येते.

तपासणीचा तक्ता कसा लिहिता यावर सगळं आहे. 'व्याकरण: १० पैकी' असा रकाना ठेवला की दुबळा विद्यार्थी बरोबर वाक्य चुकीचं करून देतो. व्याकरण सहाध्यायांच्या हाती देऊ नये. त्यांना शोधायला लावावं: 'लेखकाचं मुख्य म्हणणं सांगणारं वाक्य इथे उतरवा. ते पहिल्या परिच्छेदात सापडलं का?' किंवा 'तिसऱ्या परिच्छेदात उदाहरण आहे की नुसतं मत?' यांची उत्तरं इंग्रजी कच्चं असलेलाही देऊ शकतो, आणि देता देता स्वतःच्या निबंधात काय राहिलं ते त्याला दिसतं.

शब्दसंपत्तीसाठी ग्लॉसरी, म्हणजे मुलांनीच भरायचा कोर्सचा शब्दकोश, ठीक आहे. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांच्या २०००च्या शैक्षणिक शब्दयादीत ५७० शब्दकुळं (एका मूळ शब्दाची सगळी रूपं मिळून एक कूळ) आहेत. आठवड्याला प्रत्येकाने त्यातले दोन शब्द घेऊन, स्वतःच्या विषयातल्या वाक्यासकट नोंद करायची. ऑटो-लिंकिंग चालू असेल तर तो शब्द कोर्समध्ये जिथे येईल तिथे नोंदीला जोडला जातो. 'पूर्ण शब्द जुळला तरच' ही खूण केली नाही तर भलत्याच शब्दांच्या पोटात दुवे उगवतात. विसरण्याच्या बेतात आलेला शब्द नेमक्या वेळी पुन्हा समोर आणण्याची सोय मात्र ग्लॉसरीत नाही. त्यासाठी अँकीसारखं फ्लॅशकार्डचं वेगळं साधन लागतं.

एच५पी, म्हणजे परस्परसंवादी सराव बनवायचं साधन, आता मूडलच्या गाभ्यातच आहे. त्यातलं 'डिक्टेशन' जरूर वापरावं: तेच वाक्य नेहमीच्या आणि संथ वेगात देता येतं, आणि ऐकताना गिळले जाणारे 'ऑफ', 'हॅज', 'अ' हे बारीक शब्द मुलांच्या लक्षात येतात. 'स्पीक द वर्ड्स' वर फार भिस्त ठेवू नये. ते ब्राउझरच्या आवाज-ओळखीवर चालतं, काही ब्राउझरमध्ये चालतच नाही, आणि बरोबर ओळखलं म्हणजे उच्चार बरोबर असं होत नाही.

आठवडा कसा बसवायचा

तासाच्या चार दिवस आधी: चार-पाच मिनिटांचा ऑडिओ आणि डिक्टेशन, २० मिनिटं. दोन दिवस आधी: फोरमवर सारांश, ३० मिनिटं. शिक्षक आदल्या दिवशी फोरम चाळून सहा-सात वाक्यं उचलतो, नावं काढतो, आणि तास त्या वाक्यांनीच सुरू करतो. ही दहा मिनिटं सगळ्या ब्लेंडेड कोर्सचा कणा आहेत. घरी लिहिलेलं वर्गात कामाला येतं हे दिसलं की मुलं लिहितात. वर्गात त्याचा उल्लेखही झाला नाही तर दुसऱ्या आठवड्यापासून कॉपी सुरू होते. तासाचा उरलेला वेळ जोड्यांनी बोलायला द्यावा. तासानंतर दीड-दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग आणि १० प्रश्नांचं क्विझ. विद्यार्थ्याचे एकूण दीड तास जातात. याहून जास्त घातलं तर आधी गळतं ते रेकॉर्डिंग.

लेखन एआयकडून करून घेतलं जाण्याची भीती खरी आहे. पहिल्याच आठवड्यात वर्गात, कागदावर, दहा मिनिटांचा परिच्छेद लिहून घ्यावा आणि जपून ठेवावा. पुढच्या लेखनाशी ताडून पाहायला आणि वर्षअखेरीस प्रगती दाखवायलाही तो लागतो.

'कम्प्लीशन' ची (काम पूर्ण झाल्याच्या नोंदीची) सेटिंग 'पाहिलं की पूर्ण' अशी ठेवू नये. मुलं पान उघडतात, हिरवी खूण मिळवतात आणि बंद करतात. 'पोस्ट टाकली', 'जमा केलं', 'उत्तीर्ण गुण मिळाले' यांपैकी अट घालावी.

ज्यांचं इंटरनेट अधूनमधून जातं त्यांच्यासाठी मूडलच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये क्विझ ऑफलाइन सोडवता येतं. तशी परवानगी त्या क्विझमध्ये द्यावी लागते, आणि अट अशी की क्विझला वेळमर्यादा नसावी आणि निकाल शेवटीच दिसावा. म्हणजे वर वाखाणलेलं सूचनांचं सरावक्विझ ऑफलाइन चालत नाही. दोन्ही हवं असेल तर एकाच प्रश्नबँकेतून दोन क्विझ करावी लागतात.

एखादाच शिक्षक, २० विद्यार्थी आणि तांत्रिक मदत शून्य, अशी स्थिती असेल तर मूडल उभारायच्या फंदात पडू नये. त्यांच्यासाठी सामायिक डॉक्युमेंट आणि व्हॉइस मेसेज पुरेसे आहेत. वर्ग मोठा असेल, दोन-तीन तुकड्या असतील, तेच प्रश्न आणि तक्ते पुढच्या वर्षी वापरायचे असतील, तर मूडलला पर्याय शोधायला आम्ही सांगणार नाही.

कोर्स उघडण्याआधी एक खोटं विद्यार्थी-खातं काढावं. शिक्षकाच्याच खात्यातून 'स्विच रोल' करून (भूमिका बदलून) विद्यार्थ्याला दिसतं ते सगळं दिसत नाही. त्या खात्याने, संगणकावर न बसता फोनवरून, मोबाइल डेटा वापरून, पहिल्या आठवड्याचं सगळं काम स्वतः जमा करून पाहावं: रेकॉर्डिंग, पोस्ट आणि वाकड्या अ‍ॅपॉस्ट्रॉफीसकट क्विझ.